दोन बदामांची किंमत

बदामाचा राजा आणि बदामाची तिर्री. मामांनी दोन्ही पानांचे कोपरे अंगठ्याने उचलून पाहिले, पानं पुन्हा पालथी ठेवली आणि पाच चिंचोके पुढे सरकवले. सतरंजीवरच्या पाचही जणांनी पाच-पाच टाकले. भाचीकडे इस्पिकचा एक्का आणि चौकटची राणी होती. मधली पहिली तीन पानं उघडली: किलवरची राणी, बदामाची सत्ती, चौकटची दुर्री. भाचीने आणखी पाच लावले, बाकीच्या तिघांनी पानं टाकली. मामांकडे काहीच जमलं नव्हतं. "एक बदाम आलाय," म्हणत त्यांनी पाच भरले. चौथं पान बदामाची नव्वी, पुन्हा पाच. पाचवं बदामाची पंजी. मामांनी पानं उलटली आणि सगळा ढीग ओंजळीने ओढून घेतला.

"तुम्ही चुकीचं खेळलात," भाची म्हणाली.

"चिंचोके कोणाकडे आहेत?" मामांनी विचारलं.

इगतपुरीत जुलै महिन्यात असं भांडण लवकर संपायचं काही कारण नसतं. बाहेर जाणार कुठे? मामा निवृत्त इंजिन ड्रायव्हर. कसाऱ्याहून इगतपुरीपर्यंतचा थळ घाटाचा चढ सदतीसास एक असा आहे, म्हणून मुंबईहून येणाऱ्या गाड्यांना कसाऱ्याला मागून बँकर इंजिनं लागतात आणि इगतपुरीला सुटतात. मामांच्या नोकरीची बरीच वर्षं त्या मागच्या इंजिनांवर गेली आणि रनिंग रूममधला मोकळा वेळ मेंढीकोट, रमी आणि तीन पत्तीत. भाची पुण्यात संख्याशास्त्र शिकली, विमा कंपनीत जोखमीचे हिशेब करते. टेक्सस होल्डेम हा पोकरचा प्रकार ती मोबाइलवर खेळायची. ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर सरसकट बंदी आणली, खेळ कौशल्याचा असो की नशिबाचा, आणि तिची ती सवय सुटली. मामांना हा खेळ तिनेच शिकवला. नियम सोपे आहेत: प्रत्येकाला दोन बंद पानं, मध्ये सगळ्यांची मिळून पाच उघडी, आधी तीन, मग एक, मग एक. सातांतून ज्याची पाच पानं सरस, त्याचा ढीग. दर टप्प्याला पैसे (इथे चिंचोके) वाढवता येतात किंवा पानं टाकता येतात.

वाद एवढाच, की हातातली दोन पानं एकाच रंगाची असली तर त्यांची किंमत खरोखर किती वाढते?

मामांचा पहिला मुद्दा तर्काला धरून होता. तीन पत्तीत कलर सिक्वेन्सच्या खाली असतो. पोकरमध्ये उलट: फ्लश म्हणजे कलर वर, स्ट्रेट म्हणजे सिक्वेन्स खाली. "म्हणजे या खेळात रंगाचा मान वाढवलाय. मग मी रंगाची पानं धरून बसलो तर बिघडलं कुठे?"

"मान वाढलाय कारण तो क्वचित येतो," भाची म्हणाली. "पाटी उलटी वाचताय तुम्ही."

आणि तिने वहीत आकडे मांडले. तीन पानांचे एकूण हात २२,१००. त्यांत निव्वळ सिक्वेन्स ७२०, निव्वळ कलर १,०९६. म्हणून सिक्वेन्स वरचढ. पाच पानांचे हात २५,९८,९६०. त्यांत स्ट्रेट १०,२००, फ्लश मात्र ५,१०८; म्हणून फ्लश वरचढ. मामांनी विचारलं, मग चार पानांना काय? हा प्रश्न भाचीला अपेक्षित नव्हता. तिने तिथेच गुणाकार केले: चार पानांचे सिक्वेन्स २,७७२, कलर २,८१६. जवळजवळ बरोबरी! पान वाढत जाईल तसा कलर दुर्मीळ होत जातो आणि चार-पाचाच्या मध्ये कुठेतरी पारडं फिरतं. तीन पत्तीवर पोसलेल्या डोळ्याला नेमकी हीच गोष्ट दिसत नाही. तिथे कलर वाटतानाच हातात येतो किंवा येत नाही. इथे दोन पानं हातात असतात आणि उरलेली तीन उधारीवर.

(तीन पत्तीबद्दल सर्वोच्च न्यायालयाचं मतही फारसं बरं नाही. १९६८च्या सत्यनारायण खटल्यात न्यायालयाने रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ म्हटलं आणि तीन पानांच्या फ्लशला निव्वळ नशिबाचा. पोकरवर न्यायालयांचं एकमत झालेलं नाही. गुजरात उच्च न्यायालयाने २०१७मध्ये तो कौशल्याचा मानायला नकार दिला. मामींनी हे ऐकून "म्हणजे रमी चालेल ना?" एवढंच विचारलं.)

उधारी किती फिटते, हा पुढचा हिशेब. हातात दोन बदाम असताना पाचही पानं उघडेपर्यंत बसलं, तर त्या दोन पानांचा फ्लश होण्याची शक्यता ६.४ टक्के. पहिल्या तीन पानांतच तयार फ्लश मिळणं तर ०.८४ टक्के, म्हणजे सुमारे एकशे एकोणीस वेळांत एकदा. त्या तीन पानांत दोन बदाम येऊन आशा लागणं जवळपास ११ टक्के. आशा लागल्यावर उरलेल्या दोन पानांत तिसरा बदाम यायची शक्यता ३५ टक्के.

"साडेसहा टक्के म्हणजे वाईट नाही," मामा म्हणाले.

"पण त्या ६.४ मध्ये तुमच्यासारखे लोक मोजलेत. पहिल्या तिनात एकच बदाम, आणि पुढे लागोपाठ दोन. त्या वाटेने १.७ टक्के येतात. शहाणा माणूस तिथे पानं टाकतो. मग उरले ४.७."

मामांनी वही आपल्याकडे ओढली. १,०९६ भागिले २२,१००. "पाच टक्के. अगं, तीन पत्तीत मला जितक्यांदा कलर लागतो, तितक्यांदाच इथेही लागतो म्हण की!"

आकड्यांचा हा योगायोग आहे, पण मामांच्या चुकीचं मूळ त्यातच सापडतं. वारंवारिता जवळपास सारखी, खर्च मात्र वेगळा. तीन पत्तीत कलर आहे की नाही हे पानं बघताक्षणी कळतं. पुढे चाल लावायची ती कळल्यानंतर. होल्डेममध्ये आधी पैसे मोजायचे, मग कळणार. दोन पानं एका रंगाची येणं ही मुळात दुर्मीळ गोष्टच नाही. पहिलं पान कुठलंही असो, उरलेल्या ५१ पैकी १२ त्याच रंगाची असतात. जवळजवळ दर चौथा हात. एवढ्या हातांना लाडावून ठेवणारा खेळाडू रात्रभर थोडं थोडं गळत राहतो आणि त्याला पत्ताही लागत नाही.

मग रंगाची खरी भर किती? हे मोजायची साधी रीत म्हणजे त्याच पानांच्या बिनरंगी जुळ्याशी तुलना. एक्का-राजा वेगळ्या रंगांचे असले, तर एका अनोळखी हाताविरुद्ध शेवटपर्यंत जाऊन ते सुमारे ६५ टक्के हिस्सा मिळवतात. एका रंगाचे असले तर ६७. गुलाम-दश्शी ५५ वरून साडेसत्तावन्नवर जाते. आणि पोकरमधली कुप्रसिद्ध सत्ती-दुर्री साडेचौतीसवरून अडतीसवर. म्हणजे भर दोन ते चार टक्क्यांची, आणि गंमत अशी की ती टाकाऊ पानांना जास्त मिळते. पण अडतीस म्हणजे अडतीसच. मामा बदामाच्या सत्ती-दुर्रीलाही हौसेने धरून बसायचे, हे इथे नोंदवून ठेवायला हवं.

इथपर्यंत बाजू भाचीची भक्कम. पण मामा आकड्यांनी गप्प बसणारे नव्हते, आणि त्यांचा पुढचा मुद्दा या साऱ्या वादातला सगळ्यात कसदार आहे असं म्हणावं लागेल.

"शेवटपर्यंत गेलं तर अमुक टक्के, हे तू पानांचं सांगतेस. चिंचोक्यांचं सांग. जोडीवाला माणूस नेहमी धास्तावलेला असतो. आपली राणी पुरेशी आहे की नाही, त्याला कळत नाही. रंगवाल्याला सगळं स्वच्छ दिसतं. लागला तर लागला, नाही तर पानं टाक. हरताना थोडं, जिंकताना मोठं."

भाचीने मान हलवली आणि मग तिने स्वतःच या म्हणण्याला आकड्यांचं बळ दिलं. समजा ढिगात १०० आहेत, समोरच्याने ५० लावले, आणि पहिल्या तिनात दोन बदाम आल्यामुळे आशा लागलेली आहे. न दिसलेल्या ४७ पानांत ९ बदाम. पुढच्या एका पानासाठी ५० मोजायचे, तर ३८ वेळा ते बुडणार; म्हणजे १,९०० गेले. ते ९ वेळांत वसूल व्हायला दर खेपेला २११ मिळायला हवेत. समोर आहेत १५०. उरलेले ६१ नंतर, रंग लागल्यावर, समोरच्याच्या खिशातून निघायला हवेत. निघाले तर रंगाची पानं सोनं, नाही तर हौस. टक्क्यांच्या तक्त्यात हे ६१ कुठेच दिसत नाहीत, आणि मामा ज्याला "मोठं जिंकणं" म्हणत होते ते नेमकं हेच.

"आणि ते निघतात का?" भाचीने विचारलं. "मधे तीन बदाम उघडे पडले की सतरंजीवरचा प्रत्येक माणूस सावध. सिक्वेन्स लपून राहतो, मामा. कलर बोंबलत येतो."

मामांना हे पटलं. घटकाभर ते काही बोलले नाहीत. मग त्यांनी मघाच्या हाताचा हिशेब मागितला. ढिगात पंचवीस होते, भाचीने लावले पाच. म्हणजे तीस मिळवायला पाच. सातांत एकदा जिंकलं तरी वसूल. भाचीने मोजलं: लागोपाठ दोन बदामांची शक्यता साडेचार टक्के, तेवढी काही पुरत नाही. पण मामांच्या हातात राजा होता. तीन राजे बाहेर शिल्लक, आणि त्यांतला एक पुढच्या दोन पानांत आला तर राण्यांच्या जोडीवर मात करणार. ती शक्यता १३ टक्के. दोन्ही धरून सतरा-साडेसतरा. सातांत एक म्हणजे सव्वाचौदा. मामांनी भरलेले ते पहिले पाच चिंचोके गणिताने जवळजवळ योग्य ठरत होते. "जवळजवळ" अशासाठी की शेवटचं पान पाहायला पुन्हा मोजावे लागणार होते. चौथ्या पानावर तर प्रश्नच नव्हता: नऊ बदाम आणि तीन राजे, चव्वेचाळिसात बारा.

"म्हणजे मी बरोबर होतो."

"तुम्ही राजामुळे बरोबर होतात आणि बदामाचं नाव घेत होतात. आणि मी पाच लावायला नको होते. वीस लावले असते तर तुम्हाला पानं टाकावी लागली असती."

"वीस लावले असते तरी मी टाकली नसती," मामा म्हणाले, आणि हे मात्र कोणत्याही वहीत न मावणारं खरं होतं.

रंगाच्या पानांची आणखी एक बाजू तीन पत्तीवाल्यांना पटकन लक्षात येत नाही: रंगात उतरंड असते. मधल्या पानांत बदामाच्या नव्वी, सत्ती, पंजी असताना मामांकडे राजा होता. बाहेर आठ बदाम, न दिसलेली ४५ पानं; समोरच्या एका माणसाकडे दोन्ही बदाम असण्याच्या ९९० पैकी २८ जोड्या. त्यांतल्या फक्त आठ जोड्या मामांना हरवतात: एक्का असलेल्या सात, आणि अठ्ठी-छक्की, जिच्यामुळे रंगातलाच सिक्वेन्स होतो. पण मामांकडे राजा-तिर्रीऐवजी चव्वी-तिर्री असती, तर सगळ्याच्या सगळ्या अठ्ठावीस वरचढ. सर्वात मोठा ढीग उभा राहतो तो दोघांनाही फ्लश लागतो तेव्हा, आणि त्या ढिगात छोट्या रंगवाल्याचं घरदार जातं. म्हणून एक्का-पंजी एकरंगी आणि छक्की-पंजी एकरंगी यांना एका मापाने तोलणं बरोबर नाही, दोन्ही दिसायला कितीही सुबक असोत.

या मोजमापाचा इतिहास तसा अलीकडचा. डेव्हिड स्क्लान्स्की आणि मेसन मालमुथ यांनी १९८८च्या पुस्तकात सुरुवातीच्या हातांचे गट पाडले. त्यात एकरंगी गुलाम-दश्शी तिसऱ्या गटात होती, नव्व्यांच्या जोडीच्या आणि बिनरंगी एक्का-राणीच्या शेजारी. आजच्या तरुण खेळाडूला हा मान जास्त वाटेल. पण तो तक्ता अशा खेळासाठी होता, जिथे पैसे वाढवण्याला मर्यादा असायची आणि बरेच जण पुढे चालत राहायचे. स्वस्तात पानं बघायला मिळायची आणि रंग लागला की चार जण पैसे द्यायला हजर. इगतपुरीच्या सतरंजीवर पाचही जण पाच-पाच टाकतात, तेव्हा तो जुना तक्ता आजच्या संगणकी तक्त्यांपेक्षा जवळचा ठरतो. भाचीच्या मोबाइलवरच्या खेळात हे चित्र नव्हतं. तिथे एकाने वाढवलं की चौघे पानं टाकणार, आणि रंगाची पानं धरणारा एकटाच उरणार, समोर एक सावध माणूस. एकाच दोन बदामांची किंमत या दोन ठिकाणी वेगळी निघते. भाचीने आपले आकडे मोबाइलवरून आणले होते, मामांनी आपला अंदाज रनिंग रूममधून. आणि दोघांचंही निम्मं भांडण मुळात याचंच होतं.

बसण्याच्या जागेचं तर विचारूच नका. ज्याला सगळ्यांच्या नंतर बोलायचं असतं त्याच्यापुढे इतरांची माहिती असते. कोण घाबरलं, कोण चढलं, ढीग केवढा झाला. संगणकाने काढलेल्या तक्त्यांत सहा जणांच्या टेबलावर शेवटच्या जागेवरून, बाकीच्यांनी पानं टाकली असतील तर, राजा-पंजी एकरंगी असताना पैसे वाढवले जातात आणि तीच पानं बिनरंगी असताना टाकली जातात. पहिल्या जागेवरून दोन्ही टाकायची. दोन टक्क्यांची भर सीमारेषेवरच्या हातालाच निर्णायक ठरते; चांगल्या हाताला तिची गरज नाही, वाईट हाताला ती पुरत नाही.

मामांनी हे आपल्या भाषेत लावून घेतलं. "बँकरसारखं आहे म्हण. मागचं इंजिन ढकलतं खरं, पण गाडी ओढायला पुढे इंजिन लागतंच. नुसत्या बँकरवर गाडी नेत नाही कोणी." मग लगेच पुस्ती जोडली, की बँकरशिवाय घाटही चढत नाही. भाचीला दुसरं वाक्य अर्धंच मान्य होतं. एक्क्यांची जोडी घाट एकटीच चढते, असं तिचं म्हणणं.

मामींनी मधेच चहा ठेवता ठेवता एक शेरा मारला तो दोघांनाही झोंबला. मामांना लागलेले सगळे कलर तारीखवार आठवतात, न लागलेला एकही नाही. आणि भाचीला नेमके उलट, हरलेले तेवढे. मामांनी बचावासाठी डॉयल ब्रन्सनला पुढे केलं. हे नाव भाचीनेच कधीतरी सांगितलं होतं. १९७६ साली लास व्हेगासच्या वर्ल्ड सीरीज ऑफ पोकरच्या मुख्य स्पर्धेत ब्रन्सनने शेवटचा हात जिंकला तो इस्पिकच्या दश्शी-दुर्रीवर. दोन्ही इस्पिक, एकरंगी! जगज्जेता माणूस रंगाच्या टाकाऊ पानांवर जिंकतो, आणि आम्ही राजा-तिर्री धरली तर चूक?

भाचीने त्या हातातली मधली पानं सांगितली. एक्का, गुलाम, दश्शी, मग दुर्री, मग पुन्हा दश्शी. समोरच्या जेसी आल्टोकडे एक्का-गुलाम होते, म्हणजे पहिल्या तीन पानांतच त्याच्या दोन जोड्या झाल्या होत्या आणि ब्रन्सन मागे होता. त्याला जिंकवलं ते दोन जादा दश्श्यांनी आणि एका दुर्रीने. तीन दश्श्या आणि दोन दुर्र्या, म्हणजे फुल हाउस झालं. इस्पिकचा त्यात काडीचा हात नव्हता. पुढच्या वर्षी, १९७७मध्ये, तो पुन्हा जिंकला, पुन्हा शेवटच्या हातात दश्शी-दुर्री, पुन्हा फुल हाउस. या वेळी दोन पानं वेगवेगळ्या रंगांची होती. त्या पानांना आजही पोकरच्या टेबलांवर त्याच्या नावाने ओळखतात, रंग कुठलाही असो.

मामांनी वही मागून घेतली आणि स्वतःच्या अक्षरात यादी केली. एक्क्याबरोबर रंग असेल तर कुठूनही धरायची, लोक जास्त असतील तर आनंदाने. राजा-राणी, राणी-गुलाम, गुलाम-दश्शी एकरंगी: धरायची. राजा-तिर्री: शेवटची जागा असेल तरच. सत्ती-दुर्रीवर काट मारली. छक्की-पंजी एकरंगी लिहून त्यापुढे प्रश्नचिन्ह काढलं. भाचीचा आग्रह होता की पहिल्या जागेवरून ती टाकायची. मामांचं म्हणणं, सतरंजीवर पाचही जण पाचच चिंचोके लावणार असतील तर स्वस्त आहे, बघायला काय जातं. भाची म्हणाली, बघायला काही जात नाही, छोटा रंग लागल्यावर जातं. मामांनी प्रश्नचिन्ह तसंच ठेवलं आणि पानं पिसायला घेतली.